खिशातला हात

ओडुमासे-क्रोबो
८ जानेवारी २०१८

तेये,

हे पत्र ट्रोट्रोचा, म्हणजे आपल्या वडाप गाडीचा, ड्रायव्हर क्वाओ तुझ्या हातात देईल. कुठल्या हातात घ्यायचं ते तू ठरव.

फोन केला असता, पण माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. फोनवर मला नुसती घुंई ऐकू येते, आणि मला तुझी घुंई नको, उत्तर हवंय.

शनिवारी काय केलंस ते मी पुन्हा लिहिते, कारण तू असा निघून गेलास की जणू काही घडलंच नाही. माझ्या नातीचं, माकूचं, लग्न ठरवायला, म्हणजे रीतीप्रमाणे आपलं दार ठोठावायला, आयेर्तेच्या घरची माणसं आली होती. नऊ जण, मानाच्या श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या, सगळ्यांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे. माकूला बाप नाही, आजोबा नाही. आमच्याकडून पुरुषमाणूस म्हणून पुढे व्हायला तू एकटा. पाहुणे बसले, पाणी दिलं. आता रीतीप्रमाणे उजव्या टोकापासून एकेकाशी हात मिळवत जायचं, एवढंच तुझं काम. उजव्या टोकाला मुलाचे आजोबा, लावेरबाबा. वय ब्याऐंशी. आणि तू उजवा हात पँटच्या खिशात ठेवून त्यांच्यापुढे डावा केलास!

डावा, तेये! तीन वर्षांच्या पोराने डाव्या हाताने केळं मागितलं तरी आपण त्याच्या हातावर चापट मारतो. तू चौसष्ट वर्षांचा आहेस.

लावेरबाबा उठले आणि काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही, नंतर माकूने कागदावर लिहून दाखवलं. ते म्हणाले, "चौऱ्याहत्तर साली अख्खा देश एका रात्रीत डाव्या बाजूने गाड्या चालवायचा तो उजव्या बाजूने चालवायला लागला. मी तेव्हा ट्रक चालवायचो. देशाला जमलं, आणि ह्या गृहस्थाला एक हात बदलता येईना?" मग बाटल्या उचलल्या आणि निघून गेले. दार उघडायच्या आधीच बंद.

माकू रडत नाही. रडली असती तर बरं होतं. विकायचे मणी बनवताना साच्यात निळ्या काचेच्या भुकटीऐवजी हिरवी भरते आणि भट्टीत तशीच सरकवते.

तू असं का केलंस?

देदे


धरणाची वसाहत
११ जानेवारी

देदेताई,

पत्र उजव्या हातात घेतलं. क्वाओ साक्षीला आहे.

लोक म्हणतात, अमुक गोष्ट माझ्या डाव्या हातचा मळ आहे. मला आयुष्यात कुठलीच गोष्ट तशी जमली नाही. आता कळलं की एक जमते. नातीचं लग्न मोडणं.

कारण विचारतेस तर सांगतो, हसू नकोस. एकतीस वर्षं मी वीजघरात काढली. तिथला पहिला नियम असा की चालू पॅनेलसमोर काम करताना एक हात खिशात. दोन्ही हात लागले की करंट एका हातातून शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो, आणि मग घरच्यांना निवृत्तीच्या नारळाऐवजी मयतीच्या मेणबत्त्या आणाव्या लागतात. एकतीस वर्षं खिशात राहिलेला हात, ताई. निवृत्त झालो हे त्याला कोणी सांगितलंच नाही. लावेरबाबा समोर बसले होते, भुवया अशा ताठ की मला वाटलं अकरा हजार व्होल्ट. हात आपोआप खिशात गेला. उरला तो पुढे केला.

मूर्खपणा झाला. मी मुळात कधी फार शहाणा नव्हतो, हे तुला माझ्या जन्मापासून माहीत आहे. तू पहिली मुलगी, म्हणून तुझं नाव देदे. मी दुसरा मुलगा, म्हणून तेये. बापाने आपल्याला नावंसुद्धा मोजून दिली, अक्कल मात्र सगळी पहिलीला देऊन टाकली.

लावेरबाबांना माझा निरोप दे की माफ करा. पुलाजवळून मक्याच्या पिठाचा वाफवलेला आबोलो आणि तळलेली चिमुकली मासळी क्वाओबरोबर पाठवतो आहे. माकूला दे.

तेये


ओडुमासे
१५ जानेवारी

तेये,

मासळी पोचली. सबब पोचली नाही. ती वाटेतच पडली असावी.

निवृत्त होऊन तुला चार वर्षं झाली. ह्या चार वर्षांत तू माझ्याकडे तीन मयतींना आलास, दोन बारशांना आलास, आणि प्रत्येक वेळी उजव्याच हाताने सगळ्यांना भेटलास. मी बहिरी आहे, आंधळी नाही.

आणि डोळ्यांचं म्हणशील तर तुझं अक्षर वाचायला मला माकूच्या शाळेतलं भिंग काढावं लागलं. पहिली ओळ बरी होती. पुढे पुढे अक्षरं बारीक होत गेली आणि शेवटच्या ओळीत तर मुंग्या मेल्यासारख्या पडल्या होत्या. पेन्शन कमी पडते का तुला? कागद वाचवतोस? मी पाठवते कागद.

का दुसरंच काही आहे? क्वाओ म्हणत होता, हातातला चहा तुझ्या शर्टावर सांडलेला होता, आणि तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते. तेये, तू प्यायला लागलास का? आपल्या बापाने शेवटी शेवटी काय केलं ते मी पाहिलंय. मला खरं सांग.

मी सोमान्याला लावेरबाबांकडे जाऊन आले. त्यांचं म्हणणं असं: मेंढी घेऊन तेये स्वतः यावा, ज्या हाताने अपमान केला तो मागे घ्यावा आणि उजवा द्यावा. सर्वांसमोर. ईस्टरनंतरच्या शनिवारपर्यंत मुदत. त्यानंतर आयेर्ते नोकरीसाठी उत्तरेला, तामालेला जातोय. जाण्याआधी ठरलं नाही तर ते दुसरीकडे बघणार. मी कागदावर लिहून विचारलं, दुसरं कोणी आलं तर चालेल का? त्यांनी माझ्याच पेनने खाली 'नाही' लिहिलं. केवढं मोठं लिहिलं म्हणून सांगू!

देदे


धरणाची वसाहत
२२ जानेवारी

देदेताई,

मी पीत नाही. पीत असतो तर बरं झालं असतं, सोडून दिली की सुटलो असतो.

माझा उजवा हात कापतो. मी काही करत नसताना जास्त. मांडीवर ठेवला की मक्याचा दाणा दोन बोटांत चोळत बसावं तसा आपला चालू. दोन वर्षं झाली. आधी चुटकी गेली. आपण हात मिळवून शेवटी मधली बोटं एकमेकांवरून ओढून चुटकी वाजवतो ना, ती वाजेना. मला वाटलं थंडीच्या कोरड्या वाऱ्याने बोटं गुळगुळीत झाली असतील. एवढी अक्कल आहे मला! मग अक्षर बारीक झालं. मग चालताना हा हात हलेनासा झाला, नुसता अंगाला लटकायचा. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन्स. गोळ्या चालू आहेत. त्यांनी अंगाचा ताठरपणा बराच कमी होतो, कापरं मात्र गोळ्यांना जुमानत नाही.

आता विचारशील, सांगितलं का नाही. सांगून बघ ना. निम्मं गाव म्हणेल दारू, निम्मं म्हणेल कोणीतरी करणी केली. आणि तुला चांगलं माहीत आहे, लग्न ठरवायच्या आधी दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या घरातले आजार खोदून काढतात. मुलीच्या आजोळी कापऱ्याचा रोग आहे हे लावेरबाबांना कळलं तर? म्हणून त्या दिवशी हात खिशात ठेवला. एका लग्नासाठी हात लपवला आणि लपवल्यामुळेच ते लग्न मोडलं. लोक हात दाखवून अवलक्षण करतात, मी लपवून केलं.

डॉक्टर म्हणतात, ह्या वयात झालेला हा रोग बहुतेक वेळा पुढच्या पिढीत जात नाही. पण 'बहुतेक' हा शब्द लावेरबाबांपुढे कसा टिकेल?

आता एक चांगली गोष्ट ऐक. नवीन वर्षापासून मी अक्राच्या हॉस्पिटलात एका अभ्यासात नाव घातलंय. तिथे सेफाकोर नावाची डॉक्टर आहे, माकूपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी. तिने मला समजावलं ते मला आयुष्यात पहिल्यांदा एका फटक्यात समजलं, कारण ते माझ्याच खात्यातलं निघालं! शरीरातल्या प्रत्येक पेशीत म्हणे बारीक बारीक वीजघरं असतात, शेकड्यांनी. खाल्लेल्या अन्नातून ती शक्ती तयार करतात. त्यांचं नाव मायटोकाँड्रिया, ते म्हणेपर्यंत माझा हात चारदा हलतो, म्हणून मी वीजघरंच म्हणतो. ह्या रोगात मेंदूतली काही वीजघरं मंद पडतात आणि त्या पेशी मरत जातात. एकतीस वर्षांत माझ्या पाळीत धरणावरचं एक यंत्र बंद पडलं नाही, ताई. आणि माझ्या स्वतःच्या डोक्यात सगळी पाळी झोपलेली!

सेफाकोर म्हणते, दम लागेपर्यंत व्यायाम केला की शरीर नवी वीजघरं बांधतं आणि मोडकी काढून टाकतं. पायांच्या स्नायूंत हे होतं हे बऱ्यापैकी माहीत आहे, मेंदूत किती होतं ते कोणालाच नीट माहीत नाही. तेच ती शोधते आहे. आठवड्यातून तीनदा जागेवरची सायकल, दहा-बारा आठवडे. सुरुवातीला आणि शेवटी पाय थकवतात, मग यंत्रात घालून बघतात की खर्च झालेली शक्ती किती सेकंदांत भरून येते.

बारा आठवडे म्हणजे ईस्टर! हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. ईस्टरपर्यंत मी हात स्थिर करून दाखवतो. लावेरबाबांना उजवा देईन, चुटकी वाजवीन, आणि कोणाला काही कळणार नाही. तोवर तू कोणाला सांगू नकोस. माकूलाही नाही.

तेये

ता.क. चहा सांडला होता हे खरं. पण अर्धाच.


ओडुमासे
२९ जानेवारी

तेये,

तुझं पत्र भिंगाने वाचलं, आणि मग भिंग बाजूला ठेवून रडले. माकूने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, भट्टीचा धूर. भट्टी त्या दिवशी पेटवलेलीच नव्हती. तिला ते दिसत होतं.

मी तुला दारुडा म्हटलं ते परत घेते. कागदाचा चिक्कू म्हटलं तेही. दोन वर्षं तू एकट्याने सांभाळलंस ह्याचा मात्र मला राग आहे, आणि तो मी परत घेणार नाही. लहानपणी काटा रुतला की पहिला माझ्याकडे धावत यायचास.

तुझी वीजघरं मला कळली नाहीत. मला विजेतलं एवढंच कळतं की ती जाते. पण मी माझ्या परीने असं समजले: भट्टीत वारा नीट शिरला नाही की आच कमी आणि धूर जास्त. मणी वितळत नाहीत, नुसते काळे होतात. तेव्हा मी भट्टीला शिव्या देत नाही, वारा घालते. तर तू सायकलीवर बसून वारा घालतो आहेस. बरोबर ना? चूक असेल तर तुझ्या डॉक्टरणीला सांगू नकोस, पोरीला हसू येईल.

बरोबर आखलेले कागद पाठवते आहे. दोन ओळींत दोन बोटं अंतर आहे. अक्षर वरच्या आणि खालच्या दोन्ही रेघांना टेकलं पाहिजे. टेकलं नाही तर पत्र परत पाठवीन, शाळेतल्या बाईंसारखी.

कोणाला सांगणार नाही. पण आज तेविसावा दिवस आहे, लावेरबाबा रोज मोजत असतील.

देदे


धरणाची वसाहत
२६ फेब्रुवारी

देदेताई,

बघ, टेकलं! ह्या आकारात लिहायचं म्हणजे 'अक्रा' शब्दाला अर्धा कागद जातो. तिकडची निवडणुकीची पोस्टरं रंगवायचं काम मिळालं तर सांग.

वारा घालण्याचं सेफाकोरला सांगितलंच. हसली नाही. म्हणाली, "काका, तुमच्या ताईंना मी माझ्या वर्गात शिकवायला बोलावू का?" तेव्हा माझं ज्ञान उगाच मिरवू नये हे कळलं.

आठवड्यातून एकदा अक्राला, उरलेल्या दोन वेळा घरी. एक जुनी सायकल मागचं चाक अधांतरी ठेवून व्हरांड्यात उभी केली आहे. आठ आठवड्यांत अंदाजे साडेतीनशे किलोमीटर मारले आणि अजून व्हरांड्यातच आहे. शेजारीण सुरुवातीला पायरीवर येऊन बसायची, म्हणायची, "तेये, पोचलास की सांग हं."

शिवाय माझ्यासारख्या माणसाला चाक नुसतं फिरताना बघवत नाही. मग त्याला डायनामो बसवला आणि पुढे एक बल्ब लावला. आता पाय मंदावले की बल्ब मंदावतो, आणि मला लाज वाटते, मी पुन्हा जोर करतो. पंचेचाळीस मिनिटं बल्ब एकसारखा ठेवायचा. पहिल्या आठवड्यात तो काजव्यासारखा लुकलुकत होता. आता एकसारखा राहतो! अख्ख्या देशाला वीज पुरवणारा माणूस शेवटी एका बल्बावर आला, पण ह्या बल्बाचा मला जितका अभिमान वाटतो तितका त्या धरणाचा कधी वाटला नव्हता.

आणि चालताना हात पुन्हा हलतो, ताई. मोठी पावलं पडतात. झोप लागते. काल शर्टाची बटणं मी स्वतः लावली, अकरा मिनिटांत. असंच चाललं तर ईस्टरला लावेरबाबांना अशी चुटकी देईन की त्यांच्या कोंबड्या उडतील.

मेंढी बघून ठेव.

तेये


ओडुमासे
१६ मार्च

तेये,

अठरा दिवस झाले, पत्र नाही. क्वाओला विचारलं तर म्हणतो, दार उघडतात, पण उत्तर देत नाहीत. डायनामोचा बल्ब दिसत नाही म्हणे.

मेंढी घेतली आहे. अंगणात बांधली आहे आणि माझी भेंडी खाते आहे.

माकू आणि आयेर्ते रविवारी चर्चच्या मागे उभे राहून बोलत होते. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांना वाटतं मला कळत नाही. तो म्हणत होता त्यातलं एवढंच ओठांवरून कळलं, 'आजोबा ऐकत नाहीत.'

लिही. चार शब्द लिही. बारीक लिहिलंस तरी चालेल.

देदे


धरणाची वसाहत
२० मार्च

देदेताई,

लिहितो. मोठ्या अक्षरात लिहायला बळ नाही, पण रेघांना टेकवतो.

दहाव्या आठवड्यात मी सेफाकोरला सरळ विचारलं, हात कधी थांबणार? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला उत्तर आधीच कळलं. म्हणाली, "काका, तो थांबेल असं मी कधी म्हटलं होतं?" आठवून पाहिलं. खरंच, कधीच म्हटलं नव्हतं. ते मीच ऐकलं होतं. तू बहिरी आहेस, ताई, पण तुला जे ऐकू येत नाही ते निदान तू स्वतःच्या मनाने तयार करत नाहीस.

ती म्हणाली, चाल सुधारली, दम वाढला, झोप सुधारली, हे सगळं खरं. पेशींचं शेवटच्या तपासणीत कळेल. पण कापरं ह्याने जाईल असं तिला वाटत नाही.

मी रागाने उठलो आणि निघालो, आणि दारात अडकलो. अक्षरशः अडकलो. दार उघडं होतं, पुढे काही नव्हतं, पण पाय जमिनीला चिकटले. ह्या रोगात असं होतं, नेमकं दारातच. रागाने निघून जाण्याची एवढी मोठी संधी, आणि मी दारात खांबासारखा उभा, मागे तीन नर्स वाट बघतायत! शेवटी एका नर्सने जमिनीवर रंगीत चिकटपट्टी आडवी लावली आणि म्हणाली, "हिच्यावरून पाय टाका." टाकला, आणि निघालो. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय ऐकतात. नुसतं चाल म्हटलं की ऐकत नाहीत. माझ्यासारखेच आहेत.

म्हणून सायकल बंद केली होती. कालपासून पुन्हा चालू केली, कारण झोप गेली.

पण सोमान्याला मी येणार नाही. उजवा हात दिला तर तो कापणार, सर्वांना रोग दिसणार आणि लग्न मोडणार. नाही दिला तरी मोडणार. लावेरबाबांना सांग, तेये आजारी आहे, मोठा ताप आहे. मला माफ कर.

तेये


ओडुमासे
२४ मार्च

तेये,

ताप नाही सांगणार. मी आयुष्यात मण्यांना सोन्याचा रंग दिला, पण सोनं म्हणून विकले नाहीत.

मी माकूला सांगितलं. वचन मोडलं, शिव्या दे. तिने सगळं ऐकलं, मग माझ्या पाटीवर लिहिलं: 'तेयेआजोबांचा हात कापतो हे ऐकून ज्यांना मी नको, त्यांच्या घरी मला राहायचं नाही. पण ते आलेच नाहीत तर मला कधीच कळणार नाही.' मी ते पुसलं नाही. पाटी अजून भिंतीला टेकून ठेवली आहे.

तेव्हा हात थांबायची वाट बघू नकोस. तो थांबणार नाही म्हणतोस ना? मग त्याला तसाच घेऊन ये. सात एप्रिल, सकाळी नऊ. मी बरोबर असेन.

भेंडी संपली. मेंढी आता माझ्या वहाणेकडे बघते आहे.

देदे


धरणाची वसाहत
९ एप्रिल

देदेताई,

शनिवारी तू माझ्या शेजारी उभी होतीस आणि सगळं पाहिलंस. पण जे बोललं गेलं ते तुला ऐकू आलं नाही, आणि त्या गर्दीत लिहून देणार कोण? म्हणून आता सगळं लिहितो. कागद पुरवून लिहितो, अकरा पानं होतील.

लावेरबाबांच्या फाटकात मी अडकलो ते तुला दिसलं. मेंढी आत गेली, दोरी ताणली, आणि दोरीच्या ह्या टोकाला मी. समोर नऊ माणसं ओळीने बसलेली. कोणीतरी म्हणालं, "मेंढीला लाज आहे, आत तरी आली." दुसरं हसलं. मला वाटलं जमीन दुभंगावी, पण माझं नशीब, तीही दुभंगेल तर दुसऱ्याच्या पायाखाली.

तेवढ्यात तू गळ्यातली माळ काढलीस आणि माझ्या पायापुढे उंबऱ्यावर आडवी ठेवलीस. तुला वाटलं असेल, मला चिकटपट्टीची गोष्ट आठवेल. मला आठवली नाही. मला एवढंच वाटलं की ताईचे मणी आहेत, पाय पडता कामा नये. आणि मी ते ओलांडून आत आलो. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "हे काय, ह्यांच्याकडे मण्यांवरून यायची रीत आहे का?" आणि दुसरी अगदी गंभीरपणे म्हणाली, "धरणाकडच्या लोकांची असेल."

मग मी उजव्या टोकाला गेलो. दोरी तुझ्याकडे दिली. खिशातून हात काढला. दोन वर्षं लपवलेलं सगळं त्या एका क्षणी बाहेर आलं, आणि हात सगळ्यांसमोर कापत होता. मी म्हणालो, "बाबा, मला पार्किन्सन्स आहे. दारू नाही आणि करणीही नाही. डॉक्टर म्हणतात पुढच्या पिढीत बहुतेक जात नाही. 'बहुतेक' म्हणतात, मी ते लपवत नाही. त्या दिवशी हाच हात तुमच्यापासून लपवला होता. अपमान करायचा नव्हता."

लावेरबाबांनी पुढे वाकून हात नीट पाहिला. मग त्यांनी विचारलं, "डावा कापतो का?"

मी म्हटलं, "नाही. डावा चांगला आहे."

ते म्हणाले, "म्हणजे तू मला तुझा चांगला हात दिला होतास. आणि मी बाटल्या उचलून घरी आलो."

ताई, त्या वेळी मी का रडलो ते तुला कळलं नसेल. हे ऐकलं म्हणून.

मग ते उठले, त्यांनी माझा उजवा धरला, दोन्ही हातांनी, आणि चुटकी देऊ लागले. माझं बोट निसटलं. पुन्हा निसटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी माझं मधलं बोट आपल्या बोटात धरून ठेवलं, कापरं थोडं शांत होईपर्यंत वाट पाहिली, आणि स्वतःच ओढलं. वाजली! काडी मोडावी एवढाच आवाज झाला, पण वाजली. सगळे हसले ते तेव्हा.

आणि एक गोष्ट ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले. हे फक्त तुला सांगतो. म्हणाले, "देश एका रात्रीत उजवीकडे गेला हे खरं. पण मी पुढे सहा महिने डावीकडूनच चालवत होतो. दोन बकऱ्या आणि एक पोलीस चौकी उडवली. कोणाला सांगू नकोस."

शेवटची तपासणी आज झाली. थकलेल्या पायात शक्ती भरून यायला जानेवारीत एक्कावन्न सेकंद लागले होते, आता त्रेचाळीस. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. सेफाकोर म्हणाली, "काका, एका माणसाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही." म्हटलं, मुली, आयुष्यभर माझ्यावरून कधीच काही सिद्ध झालं नाही, मला सवय आहे. पण आठ सेकंद माझे आहेत आणि ते मी परत देणार नाही. व्हरांड्यातली सायकल आता कायमची चालू. हात कापतोच आहे. तो कापू दे.

लग्नात पाहुण्यांशी हात मिळवायचं काम मीच करणार. उजव्या टोकापासून.

तेये


ओडुमासे
१३ एप्रिल

तेये,

अकरा पानं! क्वाओने पाकिटाचं वजन बघून माझ्याकडे त्याचं वेगळं तिकीट मागितलं.

भिंग माकूला परत दिलं. आता तुझं पत्र भिंतीला टेकवून लांबूनही वाचता येतं. चुटकीचा आवाज मला ऐकू आला नाही हे खरं, पण वाजली ते मला कळलं होतं. लावेरबाबा उठले तेव्हाच.

दोन बकऱ्यांचं कोणाला सांगत नाही. पोलीस चौकीचं माकूला सांगितलं.

लग्न जूनच्या दुसऱ्या शनिवारी. तुझा अंगरखा शिवायला टाकला आहे, पांढरा, निळ्या काठाचा. शिंप्याला बजावून आले आहे की खिसा ठेवायचा नाही. एकही नाही.

देदे